उल्कानच्या कढईतलं झाड

मी एक जुनी कढई आहे. बिडाची, काळीकुट्ट, दोघांनी धरल्याशिवाय न हलणारी. इकडे मला कझान म्हणतात, पण तुम्ही कढईच म्हणा मित्रांनो, मला चालतं. जुनी आहे ती वयानं. बोलायला लागले की मला दम धरवत नाही, एकातून दुसरं निघतं, तेवढं सांभाळून घ्या. आणि हो, माझ्या बुडाला एक भोक आहे. आता त्यात खिळा ठोकलाय, तरी भोक ते भोकच. आधीच सांगून टाकलं, कारण मला बघणारा प्रत्येक माणूस पहिलं तेच बघतो आणि विचारतो, "हे कसं झालं?" तर तेच सांगते.

मला ओश शहराकडच्या एका भट्टीत ओतलं. तिथून ट्रकच्या मागच्या बाजूला बटाट्यांच्या पोत्यांवर बसून, घाट चढून-उतरून मी इसिक-कुल तळ्याकाठच्या या गावात आले. उल्कानच्या सासूनं मला आणलं. उल्कान तेव्हा नवी सून होती, मला घासताना तिची बांगडी माझ्या काठावर वाजायची. काय दिवस होते ते! गावात लग्न असो, बारसं असो, मला न्यायला माणसं यायची. अख्खी मेंढी माझ्या पोटात शिजायची. आणि बोरसोक! बोरसोक म्हणजे पिठाचे छोटे छोटे चौकोन, तेलात टाकले की टम्म फुगतात. बायका म्हणायच्या, "उल्कानच्या कढईत पीठ टाकायचा अवकाश, आपोआप फुगतंय." मी ऐकून आणखी तापायचे.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढं सगळं तिच्यावरच आहे. इथं गुरुवारी घरोघरी तेल तापवतात आणि त्यात बोरसोक सोडतात. खाणं नंतर, आधी वास. तो वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो. घरच्यांनी आठवण ठेवलीय असं त्यांना कळतं आणि ती शांत होतात. मेलेलं माणूस स्वप्नात आलं तरी तेल तापवतात. पण रोज? रोज कुणी वास सोडत नाही. रोज वास येणारं घर म्हणजे जिथं नुकतंच कुणीतरी गेलंय ते घर. हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

उल्कानला दोन मुलगे. थोरला मेदेर, धाकटा कुबात. दोघं तिला आपा म्हणतात, म्हणजे आई. नवरा गेला तेव्हा त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण माझ्यातच शिजलं. मग मेदेर कामाला रशियात निघाला. तो गेला त्या सकाळी उल्काननं मला घासलं, मेंढीच्या चरबीचा हात फिरवला, मागच्या अंगणात पालथं घातलं आणि म्हणाली, "मेदेर या उंबऱ्याच्या आत पाय टाकेल, तेव्हाच हिच्याखाली जाळ. त्याचे बोरसोक मी माझ्या हातानं सोडणार."

तेव्हापासून रोजचा स्वयंपाक छोट्या पातेल्यात. गुरुवारचं तेलसुद्धा छोट्याच तव्यात. मी पालथी. पावसाचं पाणी माझ्या पाठीवरून वाहून जायचं. मी रुसले नाही हं! वाट बघणं हेही कामच आहे, असं मी स्वतःला सांगायचे.

मध्ये एक मोठा ताप आला सगळीकडे, त्यात उल्कानचं नाक गेलं. म्हणजे नाक होतं जागेवर, पण वास कळेना. गुरुवारी तेल तापलं की ती कुबातला विचारायची, "आला का रे वास?"

"आला, आपा."

"नीट बघ. तुझ्या बाबांना कमी पडायला नको."

"अगं, शेजारच्यांच्या बाबांनाही पुरेल एवढा आलाय."

मग ती हसायची आणि कुराणातल्या ओळी म्हणायची. बाबांचं नाव घ्यायची, सासूचं घ्यायची. मेदेरचं नाव त्यात चुकूनही येऊ द्यायची नाही. दोन महिने त्याचा फोन नव्हता. एकदा शेजारची तोक्तोबू म्हणाली, "मेदेरसाठीही दोन ओळी म्हण, बाई." उल्काननं तवाच उतरवला. "तो जिवंत आहे. जिवंत माणसाचं नाव तेलावर घ्यायचं नसतं."

आता कुबातचं सांगते. पोरगा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याच्या हाताला यश नव्हतं, एवढंच. त्यानं सफरचंदाची कलमं लावली, ती हिवाळ्यात गोठली. कोंबडीची पिल्लं आणली, ती एकेक करून मेली. एक दिवस त्याचा मित्र तिलेक अंगणात आला, माझ्यावरच बसला आणि सुरू झाला.

"काय कुबात, यंदा काय लावणार? दगड लाव. दगड मरत नाही."

"यंदा मी गांजा लावणार आहे. घरात. दिव्याखाली."

तिलेक एवढा हसला की माझ्यावरून घसरला. "अरे, तो रस्त्याच्या कडेला गाढवाच्या मुतावर वाढतो! दरवर्षी पोलीस कापून दमतात, तरी वाढतो. त्याला घरात लावणार? मग गवतालाही पाळण्यात घाल."

"घरातल्याला मान असतो. शहरात सांगतात तसं."

"आणि पकडलं तर तुलाही मान मिळेल. सरकारी जेवण, सरकारी खोली."

"तुला बघायचंय ना? एक झाड. एकच जगवून दाखवतो."

मला वाटतं, त्याला त्या झाडाचं काहीसुद्धा नको होतं. काहीतरी एक आपल्या हातानं जगलं, एवढंच त्याला बघायचं होतं. ते वाटणं मला कळत होतं. झाड चुकीचं होतं, जागा चुकीची होती, आणि भांडं... भांडं तर मीच होते.

झालं काय, की बादलीतली माती गारठून दगड व्हायची. त्याला मोठं, जाड भांडं हवं होतं. अंगणात फिरता फिरता त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं आणि तिलेकनं मला उचललं, मागच्या खोलीत नेलं, सुलटं केलं. सुलटी झाले तेव्हा मला काय वाटलं सांगू? मेदेर आला! मी एवढी हरखले! आणि तेवढ्यात त्यानं माझ्या पोटात ड्रिल लावलं.

"पाणी निघून जायला भोक लागतं," तो म्हणाला.

"तुझी आपा तुला भोकं पाडेल," तिलेक म्हणाला.

"तिला कळणार नाही. गुडघ्यांमुळे ती मागं येतच नाही. आणि ही काय, रिकामीच तर पडलीय."

बीड सहज तुटत नाही. तीन पाती मोडली. चौथं आरपार गेलं. बास, त्याबद्दल जास्त नाही बोलत.

मग माझ्यात माती आली, लीद आली, ओढ्याकाठच्या झाडांवरून ओरबाडून आणलेलं बी आलं. वर कोकरांना ऊब द्यायचा दिवा टांगला, आणि आठव्या दिवशी एक हिरवा ठिपका वर आला. अहो, कुबात गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलायला लागला! "आलास का रे? आलास?" मला राग होता, खरंच होता, पण माझ्या पोटात काहीतरी उगवतंय म्हटल्यावर मीसुद्धा जरा गप्प झाले.

तो नवशिका होता. पाणी इतकं घालायचा की माझ्या भोकातून दिवसभर ठिबकायचं. दिवा इतका खाली आणला की वरची पानं करपली. लीद इतकी घातली की पानांची टोकं पिवळी पडली. रोज नवी चूक. पण झाड चिवट निघालं, वाढलं.

दिव्याचा उजेड दाराच्या फटीतून दिसायचा. उल्काननं पुढच्या खोलीतून विचारलं, "मागं काय आहे रे?"

"कोकरू आहे, आपा. आजारी आहे."

"अगं बाई! आईनं टाकलं का त्याला?"

"हो."

झालं! त्या दिवसापासून उल्कान रोज सकाळी वाटीभर कोमट दूध पाठवायची. "टाकलेल्या लेकराला उपाशी ठेवू नकोस. आज पिलं का? किती पिलं?"

"सगळं पिलं, आपा."

पहिल्या दिवशी ते दूध कुबात स्वतः प्यायला. त्याला ते गिळेना. दुसऱ्या दिवसापासून तो ते माझ्या मातीत ओतायला लागला. आणि मित्रांनो, मातीत दूध रोज ओतलं की काय होतं? नासतं. आधीच त्या झाडाचा उग्र वास, त्यात नासकं दूध. खोलीत उभं राहवेना. वास खिडकीतून गल्लीत जायला लागला, आणि गल्लीत तर पोलीसही फिरतात.

तेव्हा कुबातनं ती गोष्ट केली. त्याला वाटलं, आपल्या घरातला सगळ्यात मोठा वास कुठला? तेलाचा. आपाला तर कळणार नाही. त्यानं मागच्या खोलीत शेगडी आणली, तवा ठेवला आणि रोज सकाळी तेल जाळायला लागला. सोमवारी तेल. मंगळवारी तेल. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. मी ओरडत होते, अरे थांब, गल्ली काय म्हणेल! पण माझ्या पोटात माती होती आणि मातीनं भरलेलं भांडं वाजत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी तोक्तोबू मागच्या खिडकीशी आली. आवाज एकदम बारीक.

"कुबात, राजा, कुणासाठी रे रोज?"

तो दचकला. "बाबांसाठी."

"बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांना रोज?"

तो खाली बघत म्हणाला, "काकू, आपाला बोलू नकोस."

तोक्तोबूनं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. "नाही रे बोलत," म्हणाली. जाताना ती खिडकीच्या कठड्याला धरून जरा वेळ उभी राहिली. मला सगळं कळलं. त्याला काही कळलं नाही. तो परत झाडाकडे वळला.

इकडची एक रीत आहे. परमुलखात कुणी वारलं, तर ती बातमी घरच्यांना एकट्यादुकट्यानं कुणी सांगत नाही. गावातली म्हातारी माणसं जमतात, सकाळी सगळी मिळून घरी जातात, त्या माणसाला मध्ये बसवतात आणि हळूहळू सांगतात, म्हणजे घाव सगळ्यांनी वाटून घेतल्यासारखा होतो. चांगली रीत आहे. पण त्यासाठी आधी कुणीतरी मेलेलं असावं लागतं ना!

त्या सकाळी कुबात घरात नव्हता. दिवा गेला होता, नवा आणायला तो बाजारात गेला होता. जाताना त्यानं तेल जाळून ठेवलं होतं, तेही जरा जास्तच. मी मागं बंद दारामागे. मला बुटांचा आवाज आला. एक नाही, दोन नाही, दहा-बारा माणसं एकदम. कुणी बोलत नव्हतं. उल्कानचा आवाज आला, "या, या... आज सगळेच?" एवढे म्हातारे सकाळी एकदम का येतात, हे तिलाही माहीत होतं.

असानकुल आजोबा, गावातले सगळ्यात वयस्कर, बोलायला लागले. "उल्कान, पोरी, बस. तोक्तोबू, पाण्याची वाटी घेऊन तिच्याजवळ बस."

"काय झालं?"

"पाहुणा कितीही लाडका असला, तरी एक दिवस त्याचा घोडा दारात उभा राहतो. तुझं दूध चांगलं होतं, पोरी. तुझा मेदेर चांगला होता."

"होता म्हणजे?"

बायकांपैकी एकीनं गळा काढला.

"थांबा!" उल्कान म्हणाली. "रडू नका. कुणाचा फोन आला? कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं," असानकुल म्हणाले. "तुझ्या घरातून पंधरा दिवस रोज वास येतोय. धाकटा एकटाच सोसतोय. तुला सांगायची त्याला छाती होईना. आम्हीच म्हटलं, किती दिवस त्यानं एकट्यानं वाहायचं?"

"वास? माझ्या घरातून?"

"आत्ताही येतोय, उल्कान."

आणि मग मी जे ऐकलं ना मित्रांनो, ते मला अजून ऐकू येतं. उल्काननं जोरात श्वास ओढला. नाकानं. परत ओढला. तिसऱ्यांदा ओढला. ती हुंगत होती. तिचं मेलेलं नाक घेऊन ती पोराच्या मरणाचा वास शोधत होती.

"मला येत नाहीये," ती म्हणाली. "मला... मला तर..."

पाण्याची वाटी फुटली. नंतर काहीतरी जड पडलं.

कुबात नवा दिवा घेऊन आला, तेव्हा दाराशी बुटांची रांग होती. अर्धं शरीर लुळं पडलेल्या आईला माणसं गाडीत घालत होती. तो किंचाळला, "काय केलंत? कुणी काय सांगितलं तिला?"

असानकुल आजोबांनी त्याला पोटाशी धरलं. "आम्ही नाही रे, बाळा. तुझ्या तेलानं सांगितलं."

तो मागच्या खोलीत आला. दिवा त्याच्या हातातच होता. माझ्यासमोर बसला. त्यानंतर त्या खोलीत ना तेल जळलं, ना दिवा लागला, ना कुणी पाणी घातलं.

नवव्या दिवशी मेदेरचा फोन आला. जिवंत! उत्तरेकडच्या जंगलात लाकूडतोडीच्या छावणीवर होता तो, तिथं फोनच लागत नव्हता. "आपा कुठंय? दे तिला, ओरडू दे मला, इतक्या महिन्यांचं एकदम ओरडू दे!" कुबातनं दवाखान्यात फोन आपाच्या कानाला लावला. हे त्यानं मला घरी आल्यावर सांगितलं, मला म्हणजे खोलीला. तिनं ऐकलं. ओळखलं. एका डोळ्यातून पाणी आलं, ओठ हलले, पण शब्द आला नाही. मेदेर पलीकडून म्हणत होता, "आपा? बोल ना. रागावलीस का? आपा?"

मेदेर वसंतात आला. आपालाही तेव्हा घरी आणलं होतं. त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला, तिच्या मांडीत डोकं घातलं, खूप रडला, मग डोळे पुसून उठला आणि म्हणाला, "कढई कुठंय? आपाचा शब्द होता."

कुबात त्याला मागं घेऊन आला. माझ्यात ते झाड वाळून उभं होतं. तिलेक मधल्या काळात येऊन बघून गेला होता, आणि या खेपेला हसला नव्हता. "हे नर झाड आहे रे," एवढंच म्हणाला होता. "जगलं असतं तरी याला काही धरलं नसतं." मेदेरनं झाड उपटलं, माती उपसली. मग त्याला भोकातून खालची जमीन दिसली.

"झाड लावायला तुला बादली नव्हती?"

"ही रिकामी होती, दादा."

"रिकामी?" मेदेर म्हणाला. "रिकामी होती ही?"

कुबातनं तिथंच बसून सगळं सांगितलं. दूध, कोकरू, तेल, तोक्तोबू, सगळं. मेदेरनं हात उगारला. मग तो तसाच खाली आला आणि माझ्या काठावर येऊन थांबला.

दोघांनी मला धुतलं, अंगणात आणलं. आपाला गादीवर माझ्याशेजारी बसवलं. तिचा डावा हात चालायचा. तो माझ्या काठावरून फिरला, त्याच जागेवरून जिथं पूर्वी तिची बांगडी वाजायची. मग हळूहळू आत उतरला. खाली, आणखी खाली, बुडापर्यंत. आणि तिथं तिच्या करंगळीला भोक सापडलं. ती थांबली. करंगळी तिथंच ठेवून तिनं कुबातकडे बघितलं.

"मी केलं, आपा," तो म्हणाला. "कोकरू नव्हतंच. दूध मी... शिव्या दे. मार मला. काहीतरी बोल ना!"

ती कुठून बोलणार? तिच्या शिव्या ऐकायला त्या पोरानं काय वाटेल ते दिलं असतं. तिनं करंगळी काढली नाही. कितीतरी वेळ काढली नाही.

लोहारानं मग भोकात खिळा ठोकून दोन्हीकडून चेपला. आता मी पुन्हा चुलीवर असते. तेल अजून थेंबभर पाझरतं, खाली जाळात पडून चुर्र होतं. गुरुवारी मेदेर आपाचा डावा हात धरतो आणि तिच्या हातानं पहिला बोरसोक माझ्यात सोडतो. तो पूर्वीसारखाच टम्म फुगतो. मग सगळे गप्प होतात, कारण इथं ती काहीतरी विचारायची. आता विचारता येत नाही. ती फक्त कुबातकडे बघते.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी काहीतरी घासूनपुसून पालथं घालून ठेवलं असेल. एखादं भांडं, एखादी पेटी, कुणाचे तरी बूट. ते हलवण्याआधी एकदा विचारा, हे कुणाची वाट बघतंय? पालथं भांडं रिकामं नसतं. आणि काही लपवावंसं वाटलं, तर आईच्या वाटीतलं दूध ओतण्याआधी तिला खरं सांगून टाका. ती ओरडेल. ओरडू द्या. ओरडणारा आवाज घरात आहे तोवर ऐकून घ्या.

परवाच्या गुरुवारी तेल तापलं. आपानं बघितलं. कुबात माझ्यावर वाकला, वाफेत तोंड घालून त्यानं मोठा श्वास घेतला आणि कुणी न विचारता म्हणाला,

"आला, आपा. वास आला."

आणि खाली जाळात माझा एक थेंब पडला.